काचेआडचं भात

उन्हात डोळ्यांना न दिसणारा एक जहाल भाग असतो, अतिनील. तो पानावर पडला की भाताचं रोप आतल्या आत ई जीवनसत्त्व साठवायला लागतं आणि त्याच्या जोरावर तग धरतं. कुठलं भात किती साठवतं, आणि त्यानं खरंच किती सोसलं जातं, यावर माझी पीएच.डी. चालली होती, ठाण्याच्या एका कॉलेजात. नव्वदीची सुरुवात. ओझोनला भोक पडल्याच्या बातम्या पेपरात यायच्या आणि सासरे त्या मोठ्यानं वाचून दाखवायचे, जणू भोक मीच पाडलंय.

सासर डोंबिवलीचं, मानपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. माणसं वाईट नव्हती हो, तीच तर पंचाईत. वाईट असती तर भांडले असते. सासऱ्यांनी एकदा जेवताना सांगून टाकलं की दिवाळीपर्यंत काय ते आटप, मग घर आणि पुढचं बघायचं. ‘पुढचं’ म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. नवरा ताटातल्या कोशिंबिरीकडे बघत राहिला. त्यात माझे गाईडही डिसेंबरात निवृत्त होणार होते. म्हणजे हा शेवटचा प्रयोग, तो फसला की माझी पीएच.डी. संपली.

आणि नेमकी तेव्हाच कॉलेजची गच्ची वॉटरप्रूफिंगसाठी उकरली. मी तिथले रोपांचे ट्रे घरी आणले. बियाणं कोलशेतच्या खाडीकाठचं लाल भात. ते शेत बिल्डरकडे गेलेलं, मूठभर दाणे मिळालेले, ते सगळे पेरून टाकले. एक ट्रे गॅलरीच्या ग्रिलबाहेर, उघड्या उन्हात. दुसरा आत, खिडकीच्या बंद काचेआड. काच उजेड आत सोडते, अतिनील अडवते. दसरा झाला की दोन्हीकडची पानं कापायची, अंधाऱ्या खोलीत त्यांचा अर्क काढायचा आणि दोन्हीतलं जीवनसत्त्व मोजून ताडून बघायचं. बाहेरची रोपं बुटकी, गडद, राकट झाली. काचेआडची उंच, पोपटी, नाजूक. सासूबाई येताजाता त्यांच्याकडे कौतुकानं बघायच्या. मला वाटलं, चला, यांनाही गोडी लागली. कप्पाळ माझं!

नवरात्र आलं. सासूबाईंनी घट बसवला, पण माती आणली सोसायटीच्या आवारातली, बांधकामाचं सिमेंट मिसळलेली. पाचवी माळ झाली तरी एक कोंब वर येईना. घट रुजला नाही तर घराचं काही खरं नाही, असं मानणारं ते घर. आणि अष्टमीला कल्याणहून आत्येसासूबाई, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, यायच्या होत्या. त्यांची जीभ म्हणजे विळी.

सातव्या माळेला मी गाईडना भेटून ठाण्याहून परत आले, तर खिडकीतला ट्रे रिकामा. नुसती ओली माती. देवघरात घटाभोवती माझं भात डुलत होतं, वर हळदकुंकू वाहिलेलं.

सासूबाई ओट्यापाशी होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "अगं, मऊ मऊ तेवढंच घेतलं. बाहेरचं धट्टंकट्टं तुझ्यासाठी ठेवलंय. त्याच्या एका पानाला हात लावला नाही."

आता काय सांगणार? ताडून बघायला दुसरं उरलंच नाही, तर त्या धट्ट्याकट्ट्याचा आकडा घेऊन मी काय करू? देवघरातलं उपटलेलं भात तर मोजायच्या कामाचं राहिलंच नव्हतं. माझी कानशिलं तापली. मी म्हटलं की हे माझं एवढ्या वर्षांचं काम होतं, निदान विचारायचं तरी.

त्यांनी गॅस बारीक केला. "घट फसला असता तर बोल कुणाला लागला असता? मला नाही, तुला. लग्नाला तीन वर्षं झाली, घरात पाळणा नाही. माझ्या वेळी फसला होता घट. मी ऐकलंय सगळं."

त्यांचे डोळे भरून आलेले. अशा बाईवर ओरडणार कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी हातपाय धुतले आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

अष्टमीला आत्येसासूबाई आल्या आणि घट बघून हरखल्या. सासूबाईंनी लगेच सांगून टाकलं की हे सूनबाईनं पेरलंय, आणि ते खोटंही नव्हतं. दसऱ्याला घट उठला. आत्येसासूबाईंनी त्यातली दोन रोपं माझ्या केसात खोवली आणि म्हणाल्या, हिच्या हाताला गुण आहे, आता दरवर्षी घट हीच बसवील. सासरे लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. मी वाकून सगळ्यांना नमस्कार केला.

दिवाळीनंतर कॉलेजात जाऊन लॅबची किल्ली परत केली. गाईड म्हणाले, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडे करता येईल. मी हो म्हटलं. दोघांनाही माहीत होतं.

तेव्हापासून घट मीच बसवते. माती चाळून घेते, दाणे आदल्या दिवशी भिजवते. आजवर एकदाही फसलेला नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतात, तुमच्याकडे एवढं उंच आणि नाजूक कसं हो उगवतं?

मी सांगते, ऊन लागू द्यायचं नाही.