रुमालाखालचं मत

बैलांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात घेतात, वरून रुमाल पडतो आणि पुढचं सगळं बोटं बोलतात. भोवती कितीही बघे असोत, आत काय चाललंय ते त्या दोघांनाच कळतं. एकानं दुसऱ्याचं मनगट धरलं की सौदा पक्का. त्यानंतर जो मागं फिरेल त्याला आमच्यात कुणी चहा विचारत नाही.

मी मेढ्याच्या डोंगरातनं लोकांची जनावरं हाकत खाली उतरलो आणि हा धंदा शिकलो. शाळा अर्धवट राहिली, पण बैलाचे दात आणि माणसाचे डोळे बघायला मला कुणाच्या शाळेची गरज पडली नाही. आज साताऱ्यात माझं स्वतःचं घर आहे. माझा राग वाईट आहे, हेही सगळा बाजार जाणतो. माझ्याशी घासाघीस करून कुणी हसत गेला नव्हता. एक माणूस गेला, आणि तो रुमालाखालूनच गेला.

आमच्या भागाचे आमदार अपक्ष. सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांचं पहिलं इलेक्शन आम्ही हेड्यांनी, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्यांनी, अंगावर घेतलं होतं. आम्ही आज या बाजारात तर उद्या त्या बाजारात. जाईल तिथं दादांचं नाव पेरलं. त्यांचं सगळं लहानपण बाजारातलंच, वडील बैल ठेवायचे. त्यामुळं माणूस आपला वाटायचा.

अशात तो कायदा आला. कोर्टाला न विचारता कुणाचाही फोन ऐकायचा, निरोप वाचायचे, माणूस कुठं कुठं हिंडला ते बघायचं, अशी मुभा सरकारला देणारा. गावोगाव आरडाओरडा झाला. सरकारकडं बहुमत काठावरचं होतं, त्यामुळं अपक्षांना भाव आला. दादा कुणीकडं मत टाकतील, यावर साताऱ्याच्या चहाच्या टपरीपासून सांगलीच्या मार्केट यार्डापर्यंत पैजा लागत होत्या.

मला त्या कायद्याचं फारसं काही नव्हतं. पण माझ्या दोस्ताला होतं. हा माझा सांगलीचा जुना भागीदार, मुसलमान, तीन पिढ्या बैलांच्या व्यापारात. जतकडनं, पार कर्नाटकातनं शेतीचे बैल आणायचा. पावत्या असल्या, डॉक्टरचा दाखला असला तरी गाडी कुठल्या रस्त्यानं निघाली हे नको त्याला कळलं की वाटेत माणसं उभी राहायची. एकदा त्याच्या ड्रायव्हरचा हात मोडला. तेव्हापासून गाडीचा रस्ता तो फक्त ड्रायव्हरला सांगायचा, तोही निघताना, फोनवर.

"आता त्यो फोनबी ऐकणार," तो मला म्हणाला. "चौकीतल्या एकानं ऐकलं आन् त्याच्या मेव्हण्यानं रस्त्यात दगड ठेवला, तर मी कुनाकडं जाऊ?"

त्यानं ठरवलं होतं की आसपासचे सगळे हेडी, गाडीवाले, भाजीवाले घेऊन साताऱ्यात दादांच्या बंगल्यावर मोर्चा न्यायचा. माणसं गोळा झाली होती. ट्रॅक्टरसुद्धा ठरले होते.

मीच त्याला थांबवलं. "मोर्चा न्हेला की मानूस बिथरतो, गड्या. बैलाला चारचौघांत टोचलं की त्यो शिंगच दावतो. मी जाऊन शब्द घिऊन येतो."

"घेशील?"

"आजवर आलोय का रिकामा?"

बंगल्यावर नेहमीसारखी गर्दी होती. ठेकेदार, पीए, बदलीची कामं घेऊन आलेले मास्तर. त्या सगळ्यांसमोर विचारण्यात अर्थ नव्हता. मी जवळ जाऊन बसलो. दादांनी माझ्याकडं बघून ओळखलं.

"काय शेठ, कसला सौदा?"

"मताचा," मी हळूच म्हणालो.

ते खळखळून हसले. माझ्या खांद्यावरचा रुमाल त्यांनीच ओढला, आमच्या हातांवर टाकला. लोकांना वाटलं, थट्टा चाललीय. मी त्यांच्या कानाशी लागून विचारलं, "विरोधात ना?" आणि रुमालाखाली त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट.

एक गोष्ट मला तेव्हाही दिसली होती. मनगट धरताना ते माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या खांद्यावरून दाराकडं बघत होते. बाजारात असं कुणी करायला लागलं तर मी हात काढून घेतो. दुसरं गिऱ्हाईक आलेलं असतं. शिवाय दादांच्या नव्या कारखान्याच्या परवान्याची सरकारशी आतून बोलणी चालली होती, हे मला ठेकेदारांच्या तोंडून कळलेलं होतं. सभेत ते "विचार करून ठरवू" एवढंच म्हणत होते. बैल घ्यायचा असता तर एवढ्यावर मी दावं सोडून चालता झालो असतो. पण मनगट धरलं होतं. बाजारात वाढलेला माणूस मनगट धरून फिरेल, हे माझ्या हिशोबातच नव्हतं.

मी सांगलीला जाऊन दोस्ताला सांगितलं, झालं. त्यानं काही न विचारता ट्रॅक्टर परत पाठवले. लोक कुरकुरले. तो त्यांना म्हणाला, "ह्येनं मनगट धरून आणलंय. आता बोलायचं न्हाई."

मतदानाच्या दिवशी आम्ही यार्डातल्या हॉटेलात एका फोनभोवती, विधानसभेचं थेट प्रक्षेपण बघत बसलो होतो. विरोधकांनी मतविभाजन मागितलं. सभागृहाची दारं बंद झाली. कायद्याच्या बाजूचे आमदार मोजणीसाठी उभे राहायला लागले. रांगेमागनं रांग उठत गेली. दादा उठले. उठताना त्यांनी जाकीट नीट केलं.

कुणीतरी फोन पालथा घातला. मग कोपऱ्यातला एक हेडी म्हणाला, "शेठ, कुठलं मनगट धरलं व्हतं? त्येंचं का पीएचं?" सगळे हसले. माझा दोस्त हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो उठला, चहाचे पैसे देऊन निघून गेला.

मी तडक बंगल्यावर गेलो. दादा मुंबईहून परत येईपर्यंत रोज जात राहिलो. भेटले तेव्हा मी आवाज खाली ठेवला नाही.

"मनगट धरलं व्हतं तुमी!"

"कवा?"

"हितंच. रुमालाखाली."

"आवं शेठ," ते शांतपणे म्हणाले, "थंडीचं दिवस. हातात हात घेतला असंल." पीए खाली मान घालून हसला. "आणि मला सांगा, सरळ वागणाऱ्या माणसाला फोन ऐकला काय आन् न ऐकला काय? तुमाला लपवायचंय काय एवढं?"

"मग बाजारात आमी रुमाल टाकतो, ते काय चोर म्हणून?"

"ते तुमचं तुमाला ठावं. पण रुमाल टाकला की साक्षीदार ऱ्हात न्हाई, एवढं मला माझ्या बापानं शिकवलंय."

मला जे तोंडाला आलं ते मी बोललो. दोघांनी धरून मला फाटकापर्यंत आणलं. रस्त्यावर उभा राहिलो तेव्हा कळलं, मला त्याचा राग का येतोय. त्यानं खोटं बोलल्याचा नव्हे. माझी रीत त्याला माझ्याइतकीच ठाऊक होती, आणि तिच्यातली फट त्यानं माझ्याआधी बघितली होती.

दोस्ताला मी फोन केले. तो उचलायचा आणि एकच म्हणायचा, "फोनवर नगं. बाजारात ये." मी गेलो. जतच्या बाजारात तो खिलारी खोंडांची जोडी घेऊन उभा होता. पांढरीशुभ्र, ताठ वशिंडाची, अशी जोडी सालात एखादीच बघायला मिळते. अशी जोडी तो आधी मलाच दाखवायचा. ती रीतच पडली होती. मी त्याचा हात धरला आणि खांद्यावरचा रुमाल वर टाकला.

त्यानं हात काढून घेतला. रुमाल झटकला, नीट घडी घातली आणि माझ्या खांद्यावर परत ठेवला.

"तोंडानं बोल," तो म्हणाला.

"चारचौघांत?"

"आता आनी कुनापासनं लपवायचं, गड्या?"

भोवती हेडी जमले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा भाव मोठ्यानं बोललो. माझाच आवाज मला परका वाटला. तो कानावर पडताच जवळचा एक जण माझ्याहून थोडा चढला, दुसरा आणखी चढला. मी पुढचा आकडा बोलणार, तेवढ्यात माझ्या दोस्तानं त्या दुसऱ्याच्या हातात दावं दिलं. मी किती चढतोय हे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

जोडी माझ्या अंगाला घासून गेली. खोंडाच्या शेपटीचा फटका हातावर बसला, नेमका मनगटावर. दोस्त पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला आणि त्याच्याशीही मोठ्यानंच बोलू लागला.