पपनसाच्या सालीचा चहा

अँजिओप्लास्टीनंतर बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, साखर बंद झाली, दूधही कमी झालं. "कोऱ्या चहाला चवच नाही गं," म्हणत ते रोज अर्धा कप तसाच ठेवायचे. नवरा कामासाठी दोन महिने चेन्नईला होता. पनवेलच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच, आणि त्यांच्या गोळ्या, पथ्य सगळं माझ्याकडे. मी सतत धास्तावलेली असायचे. ते बाथरूममध्ये गेले की दाराबाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत राहायचे.

कामाच्या मावशी गव्हाणहून यायच्या. एकदा त्यांनी दोन पपनसं आणली. "दारात झाड हाय. पडून जातात, कोन खात नाय."

सालीचा वास इतका छान, की मी ती चहात घातली. पहिल्या दिवशी पावडरीबरोबर उकळली. चहा कडू झाला. बाबांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी आतला पांढरा भाग सुरीने खरवडून काढला, पण साल उकळलीच, त्यामुळे कडवटपणा राहिला. तिसऱ्या दिवशी फक्त वरची पिवळी साल पातळ सोलली, गॅस बंद करून चहा गाळला, मग दोन तुकडे टाकून झाकण ठेवलं आणि दोन मिनिटांत काढून टाकले. बाबांनी कप संपवला.

"आता जमलं बघ."

मग रोज दोन वेळा तोच चहा, बरोबर पपनसाच्या चार फोडी.

पाच-सहा दिवसांनी गोळ्या आणायला गेले. मेडिकलमधल्या बाई ओळखीच्या, त्यांना कौतुकाने हे सांगितलं. त्यांचा हात पाकिटावरच थांबला.

"कोलेस्टेरॉलच्या या गोळीबरोबर पपनस चालत नाही. औषध अंगात जास्त साठतं, स्नायूंना त्रास होऊ शकतो. त्यांचे पाय दुखतात का?"

सकाळीच बाबा पोटऱ्या दुखतात म्हणाले होते. मी म्हटलं होतं, काल जास्त चाललात म्हणून.

रिक्षात बसल्यावर मला आमच्या सोसायटीचं नाव आठवेना. घरी बाबा सोफ्यावर होते, डोळे मिटलेले, पेपर छातीवर. मी दोन हाका मारल्या. ते हलले नाहीत. तिसऱ्या हाकेला डोळे उघडले.

"काय गं, धापा का टाकतेस?"

मी सगळं सांगितलं. ते उठून चपला शोधू लागले. "चल, विचारून येऊ. रडू नकोस."

डॉक्टरांनी पपनस ताबडतोब बंद करायला सांगितलं, पाय जास्त दुखले किंवा लघवी गडद झाली तर लगेच या म्हणाले, आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. तोवर मी दर तासाला विचारत होते, पाय दुखतात का, लघवीचा रंग कसा आहे. शेवटी ते वैतागले. "मला जरा एकटं सोड."

रिपोर्ट चांगला आला. दुखणं चालण्याचंच होतं. डॉक्टर म्हणाले, साध्या गोड संत्र्याची साल घातलीत तर हरकत नाही. मी तेच आणखी दोन ठिकाणी विचारून खात्री केली, तरी महिनाभर संत्र्याला हात लावला नाही. बाबा कोरा चहा निम्मा तसाच ठेवायचे आणि मी तो ओतून द्यायचे.

नवऱ्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तो आल्यावर जेवताना बाबांनीच सांगितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा मात्र फार छान झाला होता."