दार दुरुस्त करून गेलेला चोर

नोकरीत किती पंचनामे लिहिले याची गणती नाही. बहुतेक विसरलो. मल्लेश्वरममधल्या एका घराचा पंचनामा मात्र अजून शब्दन् शब्द आठवतो, कारण त्यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मी लिहिलीच नव्हती. फिर्यादी बाईंनी ती मला स्वच्छ सांगितली होती आणि मी हसलो होतो.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी मूळचा निपाणीकडचा. घरात मराठी, कचेरीत कन्नड. त्या ठाण्यात गुन्ह्यांचा तपास पाहणारा सब-इन्स्पेक्टर होतो. या लेखात मी कुणाचंही नाव देत नाही. माणसं हयात आहेत, आणि त्यांतल्या एकाला नाव गेलं म्हणजे काय होतं ते फार चांगलं कळलेलं आहे.

लग्नसराईचे दिवस होते. आमच्याकडे मुहूर्त सकाळचे, त्यामुळे घरंच्या घरं सकाळी सातला कुलूप लावून कल्याणमंटपाकडे जातात आणि जेवून दुपारी परततात. चोरांना हे वेळापत्रक आमच्याइतकंच पाठ असतं. ज्या बाईंच्या घरी चोरी झाली त्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या मराठी घराण्यातल्या. सारी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. कपाटातल्या पाटल्या आणि आईची मोहनमाळ गेली होती. कुलूप फोडलेलं नव्हतं, कडी तोडलेली नव्हती, कपडे विस्कटलेले नव्हते.

मी खोल्यांची मापं घेत होतो, तेवढ्यात अक्का आपल्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाल्या, "सर, हे स्वल्प बघा की. हे दार चार वर्षं खाली घासत होतं. खांदा लावून ढकलायची मी. आज बोटानं लागतंय."

"चोर घाईत होता, अक्का. जोरात ओढलं असेल, सुटलं असेल."

"जोरानं ओढून दार बिघडतं सर, दुरुस्त होत नाही," त्या म्हणाल्या. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईचा तो आवाज होता. माझ्याबरोबरचे हेड कॉन्स्टेबल मंड्याचे, त्यांना मराठी कळत नव्हतं, तरी तेसुद्धा मान खाली घालून उभे राहिले. मी मात्र पुढची खोली लिहायला घेतली.

दहा-बारा दिवसांनी दोन गल्ल्या सोडून तसाच प्रकार झाला. त्या घरच्या बाई रडत होत्या आणि रडता रडता सांगत होत्या, की कपाट उघडताना जो कर्कश आवाज यायचा तो आज आलाच नाही, तिथंच त्यांना संशय आला. बिजागरीला ताजं तेल होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तसाच अक्कांकडे गेलो, खुर्चीवर चढलो आणि दाराची वरची बिजागरी पाहिली. सैल झालेल्या भोकांत सागाच्या बारीक काड्या ठोकून स्क्रू नव्यानं आवळले होते. हे पंधरा-वीस मिनिटांचं काम होतं. चोरीच्या घरात चोर एक मिनिटही जास्त थांबत नाही, आणि हा गडी सुतारकाम करून गेला होता.

"चोर की कारागीर?" अक्कांनी खालून विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो आणि त्यांची माफी मागितली. त्यांनी ती सहजासहजी दिली नाही.

आता काय शोधायचं ते कळलं होतं. पेठेतल्या कुलूपवाल्यांमध्ये आमचा एक खबऱ्या होता, जुन्या लोखंडी सामानाचा विक्रेता. त्याला मी चोराबद्दल काहीच विचारलं नाही. या बाजारात सगळ्यांत चांगला हात कुणाचा, एवढंच विचारलं. त्यानं क्षणाचाही विचार न करता एका माणसाकडे बोट दाखवलं आणि पुढे म्हणाला, "पण साहेब, त्यानं काम टाकलंय. सहा महिने झाले. गिऱ्हाईक कुलूप घेऊन आलं की म्हणतो, असली किरकोळ कामं मी आता करत नाही. रविवारी टाय लावून इंदिरानगरला जातो. कसला तरी क्लास आहे, श्रीमंत व्हायचा."

माझ्या अनुभवात चांगल्या कारागिराचं काम सुटलं की दोनच कारणं असतात, दारू नाही तर दुःख. हे तिसरं कारण मला नवीन होतं.

त्याला चौकशीला आणलं. चाळिशीचा, शांत, स्वच्छ शर्ट घातलेला माणूस. तोही जुन्या मराठी घरातला निघाला, वडील आणि आजोबा दोघेही किल्ल्या घडवणारे. त्याच्या खोलीच्या झडतीत चोरीची एक वस्तू मिळाली नाही. भिंतीवर मात्र कॅलेंडरांतून कापलेली चित्रं ओळीनं चिकटवली होती: मोटार, दुमजली बंगला, समुद्रकिनारा. खाली पाट मांडला होता. रोज सकाळी तिथं बसून हे सगळं आपल्याला मिळालेलंच आहे असं मनात आणायचं, ही क्लासची शिकवण. हेड कॉन्स्टेबलांनी ती भिंत बराच वेळ पाहिली आणि चित्रात टेलिफोन नाही म्हणून मला विचारलं, राहिला असेल का?

मला हसू येत नव्हतं. पुरावा नव्हता. चोवीस तासांत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं किंवा सोडायचं. सुटला की सोनं कुठल्या तरी भट्टीत जाणार हे उघड होतं.

तो काही कबूल करीना. मारझोडीवर माझा विश्वास नव्हता. मारानं माणूस कबूल होतो, खरं बोलतोच असं नाही. तासाभरानं त्यानंच एक गोष्ट सांगितली. "सर, तुम्हाला वाटत असेल मी तुरुंगाला भितोय. आमच्या धंद्यात लोक किल्ली हातात देतात. एकदा माझं नाव चोर म्हणून फुटलं की बेंगळुरात कुणी मला कुलूप दाखवणार नाही. मग मी करू काय? मला दुसरं काही येत नाही."

ते खरं होतं. अक्कांची मोहनमाळ परत मिळण्यासारखी होती. याचं जे जाणार होतं ते परत मिळवून द्यायला कुठलंही कलम नव्हतं. हे कळूनही मला माझं काम करायचं होतं.

मी चहा मागवला आणि चोरीचा विषय सोडून दिला. त्याच्या क्लासबद्दल विचारलं. तो खुलला. म्हणाला, "पहिल्या दिवशी गुरूजींनी छान सांगितलं, सर. म्हणाले, कुठलं काम करताना तुम्हाला भूक आठवत नाही ते वहीत लिहा. तुमची लक्ष्मी तिथंच आहे. मी लिहिलं, कुलूप."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता ते विसरा आणि कोटीचा विचार करा. छोटं काम माणसाला छोटं ठेवतं. मी दुकान बंद ठेवायला लागलो. मग क्लासचा पुढचा टप्पा आला, त्याची फी..." इथं तो थांबला.

पुढचं वाक्य माझ्याच्यानं ओढून काढवणार नव्हतं. मी फाइल बंद केली आणि उठता उठता, अगदी सहज, खोटं बोललो. "असो. अक्कांच्या घरचा चोर मात्र अर्धवट कामाचा निघाला. दार दुरुस्त केल्याचा आव आणला, चार दिवसांत परत घासायला लागलं."

"शक्य नाही," तो म्हणाला. "नुसते स्क्रू आवळले असते तर घासलं असतं. सागाच्या काड्या भरल्यात मी. दहा वर्षं हलणार नाही ते."

हेड कॉन्स्टेबलांना भाषा कळली नव्हती, पण काय घडलं ते कळलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. रागावला नाही. "दार ठीक आहे ना, सर?" एवढंच विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो. मला त्या क्षणी विजयाचा आनंद झाला नाही. या माणसाला त्याच्या अंगातल्या सगळ्यांत चांगल्या गोष्टीनं पकडून दिलं होतं, आणि ती गोष्ट मी वापरली होती.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. त्या कबुलीवरून जो मुद्देमाल सापडतो तो चालतो. त्यानं जागा सांगितल्यावर पंच घेऊन त्याच्या बंद दुकानी गेलो. भिंतीत बसवलेल्या लहान पेटीला त्यानं स्वतः घडवलेलं कुलूप होतं. आमच्या माणसांनी अर्धा तास झटापट केली. शेवटी त्यानं नम्रपणे विचारलं, "मी उघडू का?" पाटल्या, मोहनमाळ, दुसऱ्या घरचे दागिने, सगळं मिळालं. फक्त एक अंगठी क्लासच्या फीपायी गेली होती. त्या गुरूजींना मी गाठलं, पण त्यांनी हसतमुखानं पावतीपुस्तक पुढे केलं. लोकांनी खुशीनं पैसे दिलेले, कुठलं कलम लावणार? पुढच्या महिन्यात त्यांनी गाव बदललं. माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

कारागिरानं कोर्टात गुन्हा मान्य केला, शिक्षा भोगली आणि सुटल्यावर तिसऱ्या दिवशी ठाण्यात आला. "सर, मुद्देमाल खोलीचं कुलूप अडकतं हे मला माहीत आहे. मी दुरुस्त करतो. पैसे नकोत. पोलिसांनी काम दिलं म्हटलं की लोक देतील."

मी नाही म्हणालो. वरिष्ठ काय म्हणतील, वर्तमानपत्रवाले काय लिहितील, असे दहा विचार आले. नियमाच्या दृष्टीनं माझं बरोबर होतं, आजही कुणी विचारलं तर तेच सांगेन. पण त्याला पाठमोरा जाताना पाहून मला स्वतःची लाज वाटली. संध्याकाळी अक्कांना हे सांगितलं, का कुणास ठाऊक.

"माझ्या दाराबद्दल खोटं बोललात, ते वेगळंच," त्या म्हणाल्या. "आणि आता कामसुद्धा देत नाही? पाठवा त्याला. खिडक्या सगळ्या बिघडल्यात माझ्या."

"अक्का, तो चोर आहे."

"माहीत आहे की. माझीच मोहनमाळ होती. मी शेजारी खुर्ची टाकून बसते, सरी का? चालेल ना?"

बसल्या. मांडीवर घेवड्याच्या शेंगांचं ताट घेऊन तीन दिवस बसल्या, अगदी त्याच्या हातांजवळ. बघणारी बाई शिक्षिका, गप्प कशी बसणार? हे काय, ते कशाला, विचारत राहिल्या आणि तो सांगत राहिला. खिडक्यांसमोर रस्ता होता. येणारे-जाणारे बघायला लागले. चौथ्या दिवशी समोरच्या घरचे आजोबा आपलं जुनं पेटीचं कुलूप घेऊन आले आणि तेही खुर्ची टाकून बसले.

तिथून त्याची रीतच पडली. मालक शेजारी बसल्याशिवाय तो काम करायचा नाही, आणि काय करतो आहे ते मालकाला कळेपर्यंत सांगायचा. लोकांना आधी सुरक्षित वाटायचं आणि मग गंमत वाटायची. पुढे इलेक्ट्रॉनिक सिटीकडे नवी ऑफिसं, नव्या सदनिका उभ्या राहायला लागल्या. तिथल्या मोठ्या कंत्राटदारांनासुद्धा हा शेजारी बसवायचा. अडून बसणारे गेले, बाकीचे टिकले, आणि त्यांनीच आणखी माणसं आणली. त्याचा कारखाना झाला, हाताखाली माणसं आली. पैसा कसा आला विचारलं तर त्याला नीट सांगता येत नाही, कारण त्या काळात त्याचं लक्ष तिकडे नव्हतंच.

नोकरीतून मी जे शिकलो त्यातलं हे एक. पैशामागे धावत सुटलेली खूप माणसं मी लॉकअपमध्ये पाहिली. त्यांतल्या बहुतेकांना एखादं काम मनापासून आवडायचं आणि ते त्यांनी कधी तरी क्षुल्लक म्हणून सोडलेलं होतं. मन बदललं की लक्ष्मी येते, हे त्या गुरूजींचं म्हणणं मी पूर्ण खोटं मानत नाही. मन कशात घालायचं, तेवढं त्यांना माहीत नव्हतं. अर्थात या माणसाला मन पुरलं नसतं. शेजारी बसणारं कुणी तरी लागलं, आणि ते मी नव्हतो.

निवृत्त झाल्यावर आम्ही सदनिका घेतली. दाराचं कुलूप बसवायला कुणाला बोलवायचं म्हटल्यावर बायकोनं त्याचंच नाव घेतलं. मी दोन दिवस टाळलं. मग फोन केला. तो स्वतः आला, केस पिकलेले. पिशवीतून घडीचं स्टूल काढून दाराशी ठेवलं. "बसा, सर."

मी बसलो. त्यानं दाराला माप लावलं, लाकडावर बोट फिरवलं, पेन्सिलीनं खूण केली. कुलपाच्या आत कुठला भाग काय करतो ते सांगू लागला. मला ते ऐकू येत होतं आणि नव्हतंही. शेवटी मी म्हणालो, "त्या दिवशी ठाण्यातून मी तुला परत पाठवलं. चुकलो. माफ कर मला."

तो पटाशीनं लाकूड कोरत होता. भुसा फुंकून त्यानं खाच पाहिली, पुन्हा एक पापुद्रा काढला, पुन्हा पाहिली.

"सर," तो म्हणाला, "स्वल्प बाजूला सरका. उजेड अडतोय."

मी स्टूल सरकवलं.