आत्याच्या बँकेतला माठ

कोरड्या माठात बऱ्याच दिवसांनी पाणी पडलं की त्यातून एक वास उठतो. भाजलेल्या मातीचा, गार, किंचित हिरवट. लोकांना सुगंधाने प्रियजन आठवतात. मला या वासाने केजमधली एक बँक आठवते. आता याला भाग्य म्हणायचं की प्रकृती?

पण त्या बँकेत माझी आत्या असे. नोकरीला नव्हे, मालकीण म्हणून! तिच्या भावांनी जमिनीच्या वाट्यापोटी दिलेल्या रकमेतून मी तिला शेअर बाजारातून त्या बँकेचे शेअर घेऊन दिले होते. आमच्याकडे शेअर म्हणजे सहकारी साखर कारखान्याचा. आतोबांचा तसला शेअर देवांशेजारी काचेच्या चौकटीत होता. त्यावर दिवाळीला सवलतीची साखर मिळे आणि वर्षातून एकदा सभेचं आमंत्रण येई. त्या सभांचा थाट मी पाहिला आहे. विषय वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’चा गजर, आणि हारांच्या ओझ्याखाली वाकलेली अध्यक्षांची नम्रता! आत्याला मात्र तिथे कुणी कधी नेलं नाही. म्हणूनच स्वतःच्या नावाचा शेअर, मग तो मोबाइलच्या पोटात राहणारा का असेना, तिने फार मनावर घेतला. पहिल्याच दिवाळीला तिने विचारलं, “बापू, ही ब्यांक साखर कावून देत न्हाई?” मी म्हणालो, ही साखर देत नाही, लाभांश देते. “म्हंजी तोंड गोड करायची रीतच न्हाई,” तिने निकाल दिला.

मग दुष्काळ आला. बँकेतला माठ कोपऱ्यात पालथा पडला. आत्याने ते पाहिलं आणि पुढच्या बाजारच्या दिवशी टँकरच्या आपल्या वाट्यातली एक कळशी मांडीवर घेऊन ती जीपमधून केजला उतरली. “आपल्या ब्यांकेतून मानूस तान्हेला जाऊ ने.” मग दर बाजारी माठ भरून ती तिथल्या बाकावर बसे आणि पंखा नीट फिरतो का, म्हाताऱ्यांना आधी पैसे मिळतात का, यावर नजर ठेवी. व्यवस्थापक हसून म्हणाले, “आत्या, असे शेअरवाले लाखो आहेत.”

“मंग त्यांनी बी आनावं की पानी!”

चैत्राच्या तोंडावर कडबा सोन्याच्या भावाला गेला. आत्याची म्हैस जगवायची तर शेअर विकणं भाग होतं. आत्या हळूच म्हणाली, “विक बाबा. पन मंग त्या बाकावर मी कोन?”

उत्तर नसलं की माणूस नियम सांगतो, मीही सांगितले. बारा महिन्यांच्या वर ठेवलेल्या शेअरचा नफा दीर्घ मुदतीचा मानतात. एका आर्थिक वर्षात ठरावीक मर्यादेपर्यंत त्यावर कर नाही, वरच्या नफ्यावर आहे. म्हणून निम्मे मार्चमध्ये विकू, उरलेले एप्रिलमध्ये. सरकारला बारा महिने दीर्घ वाटतात! आकाशाकडे पाहत काढलेले बारा महिने किती दीर्घ असतात, हे कोणत्या कलमात लिहिलं आहे?

“आन् इकलेच न्हाईत तर?” तिने विचारलं.

“तर विक्रीचा नफाच नाही, मग त्यावर कर कसला?”

“जवळ ठिवलेल्याला हात लावत न्हाईत म्हन की. एवढी तरी अक्कल हाय सरकारला.”

मार्चच्या विक्रीतून कडबा आला, म्हशीच्या बरगड्या झाकल्या जाऊ लागल्या. एप्रिलमध्ये उरलेले विकायला बसलो, तेव्हा तिने माझा हात धरला. “एक ठिव.” एका शेअरने काय होणार, असं मी म्हणालो. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “कारखान्यात एका शेअरवाल्याला बी एक मत आन् धा शेअरवाल्याला बी एकच. सभासद तो सभासद.”

इथे असं नसतं. इथे मत शेअरच्या संख्येवर मोजतात. हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण जगातलं प्रत्येक अज्ञान दूर केलंच पाहिजे का?

त्या आठवड्यात मीही तिच्याबरोबर केजला गेलो. जीपमध्ये कळशी मी धरली. व्यवस्थापक म्हणाले, “आत्या, घरी म्हैस तहानलेली असेल, इथे कशाला आणता?” ती म्हणाली, “म्हशीचं म्हशीला पाजलंय सायब. हे ब्यांकेचं.” तिने माठ पुसला, पाणी ओतलं. मातीचा गार वास उठला आणि रांगेतल्या माना क्षणभर वळल्या.

मग पदर सावरून आत्या तिच्या बाकावर बसली, अगदी पूर्वीइतकीच ऐसपैस.