कोपऱ्यात थांबणारे डोळे

बशीरभाई बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, बुबुळाकडे बघत. मेथीच्या जुडीचा भाव करतानासुद्धा त्यांची नजर भाजीवालीच्या डोळ्यांत रुतलेली असायची आणि ती बिचारी उगाच पदर सावरायची. त्यांच्या मनात काही नसे. नगरच्या मोठ्या दवाखान्यात, डोळ्यांच्या खोलीत त्यांनी तीस वर्षं काढली होती. हुद्दा मदतनिसाचा, पण डॉक्टरसाहेबांपुढे जाणारा प्रत्येक डोळा आधी त्यांच्या हाताखालून जायचा.

त्यांचं हत्यार म्हणजे पांढऱ्या मण्याची एक लांब टाचणी. ती समोर धरायची, मग हळूहळू उजवीकडे, मग डावीकडे न्यायची, आणि कोपऱ्यात गेली की सावकाश पाच म्हणेपर्यंत तिथंच ठेवायची. "मान नको, फक्त नजर," एवढंच म्हणायचे. समोर कुणाचेही डोळे थांबतात, खरी परीक्षा कोपऱ्यात होते, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्यापुढे एक ट्रकवाला बसला होता. त्याला लायसनसाठी दाखला हवा होता. टाचणी कोपऱ्यात गेली आणि त्याचे डोळे मध्याकडे घसरायला लागले. घसरायचे, हिसक्यानं परत जायचे, पुन्हा घसरायचे.

"काल किती घेतली?" बशीरभाईंनी विचारलं.

"आठ दिस झालं, थेंब न्हाई. आईशप्पत."

"तोंड शपथ घेतं भाऊ, बुबुळ घेत नाही. परवा ये. तोवर जीव आवर."

रांगेतली माणसं हसली. मला कसलं हसू येतंय? माझे डोळे तर जन्मापासून हलत होते, समोर बघतानासुद्धा, पाळण्यासारखे, या अंगावरून त्या अंगावर. मान डावीकडे वळवून उजव्या कोपऱ्यातून बघितलं की ते शांत व्हायचे आणि सगळं लख्ख दिसायचं. हे मला पाटी-पेन्सिलीच्या वयातच कळलं होतं, पण ही काही सांगायची गोष्ट आहे हे कुठं ठाऊक होतं? घरच्यांना दिसायची ती नुसती वाकडी मान. मग सोनईच्या बाजारातला हाडवैद्य झाला, तेल चोळून झालं, दादांनी म्हणजे माझ्या वडिलांनी गळ्याभोवती उपरणं आवळून बघितलं. शाळेत गुरुजी हनुवटीखाली छडी लावून मान सरळ करायचे. सगळ्यांनी मानेवर इलाज केले, डोळ्यांत डोकावून कुणी बघितलं नाही. शेवटी मी शिकले. चारचौघांत मान सरळ ठेवायची, मग समोरचं दिसो न दिसो. एकटी असले की मान वळवायची आणि वाचायचं. तशी चोरून वाचूनच मी डी.एड. झाले.

ते दुष्काळाचं साल होतं. विहिरीचा तळ उघडा पडला होता आणि दादा-आई दोघं सरकारी कामावर खडी फोडायला जात होते. पारनेर तालुक्यातल्या एका शाळेत मला नेमणूक मिळाली होती, फक्त तब्येतीचा दाखला तेवढा हवा होता. तो नाही मिळाला तर आईशेजारी मीही खडी फोडायला बसणार हे ठरलेलं होतं.

ट्रकवाला उठला, माझी पाळी आली. दादा दाराशी उभे राहिले. मी मान ताठ करून स्टुलावर बसले. भिंतीवरच्या तक्त्याच्या तीन ओळी वाचल्या आणि पुढची अक्षरं पळायला लागली. बशीरभाईंनी तक्ता सोडून दिला. माझ्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले.

"घरी सुई कोण ओवतं, बेटा?"

"मीच."

त्यांनी पट्ट्या शिवायची सुई आणि दोरा माझ्या हातात दिला. मी आपली नेहमीच्या सवयीनं मान डावीकडे वळवली आणि दोरा ओवला. मग लक्षात आलं, आपण काय केलं ते. घाईघाईनं मान सरळ केली.

"राहू दे," ते म्हणाले. "ती मान तशीच ठेव. आता वाच."

खालची एक ओळ सोडून मी सगळा तक्ता वाचला. त्यांनी टाचणी उचलली आणि उजव्या कोपऱ्यात नेली. पाच झाले, दहा झाले, माझे डोळे जागचे हलले नाहीत.

"लोकांचे कोपऱ्यात घसरतात," ते दादांना म्हणाले, "हिचे कोपऱ्यात थांबतात. मान वाकडी नाही हो हिची. बघायला वळवते ती."

मी धीर करून म्हटलं, "मामा, मग कागदावर नुसतं 'ठीक' लिहा ना." दादांनी हात जोडले. "लिवा साहेब. लई उपकार होतील."

"खोटं नाही लिहिणार." त्यांनी पेन उचललं. "आज 'ठीक' लिहिलं, तर तिथं वर्गात पहिल्या दिवशी मान वळवशील आणि कागद खोटा पडेल. मग तुला पण लोक खोटी म्हणतील. आणि ऐक, याला औषध नाही. हे जन्मभर हलणार. विचारलं कुणी तर सांगत जा."

मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मेल्याचं काय जात होतं दोन अक्षरं लिहायला, असं खरंच मनात आलं. त्यांनी शांतपणे सगळं लिहिलं: डोळे हलतात, मान डावीकडे वळवली की थांबतात, तसं किती दिसतं ते. कागद घेऊन ते स्वतःच साहेबांकडे गेले. आम्ही मागोमाग.

साहेबांनी पहिली ओळ वाचली आणि कागद बाजूला सारला. "डोळे हलतात. दाखला देता येणार नाही."

त्या खोलीत बशीरभाई 'जी' शिवाय दुसरा शब्द बोलत नसत, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी ते बोलले. "साहेब, सरळ मानेनं हिला कुणीही नापास करील. एकदा तिच्या मानेनं बघू द्या."

साहेबांनी टेबलावरचं वर्तमानपत्र माझ्यापुढे धरलं. मी दादांच्या देखत, साहेबांच्या देखत मान वळवली आणि बारीक अक्षरांतली बातमी वाचली. साहेबांनी दुसरं पान उलटलं, तेही वाचलं. मग त्यांनी बशीरभाईंचा कागद पुन्हा ओढला, या वेळी शेवटपर्यंत वाचला, आणि खाली लिहिलं: शिक्षकाच्या कामास पात्र.

जूनमध्ये मी शाळेवर रुजू झाले. पहिल्याच दिवशी पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. मी खडू ठेवला आणि सांगून टाकलं, "माझे डोळे हलतात. मान अशी केली की थांबतात. म्हणून मी तुमच्याकडे अशीच बघणार." मग मागून एक पोरगी म्हणाली, "बाई, आता आमी दिसतो का?"

हे बशीरभाईंना सांगायचं म्हणून दिवाळीच्या सुटीत मी नगरला गेले. त्यांच्या जागी दुसराच माणूस बसला होता. श्रावणात छातीत कळ आली आणि दोन दिवसांत गेले, तो म्हणाला. मी पत्ता विचारत त्यांच्या घरी गेले. दारातच त्यांच्या बेगमना सांगितलं, मी कोण ते. त्यांना काहीच माहीत नव्हतं, दवाखान्यातलं ते घरी कधी बोलत नसत. मग मी पहिल्यापासून सांगितलं. बशीरभाईंवर राग धरला होता, तेही सांगितलं आणि तिथंच रडले. बेगमनी माझं सगळं ऐकून घेतलं. त्या पोरीचं बोलणं आलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"मग? दिसली का गं तुला पोरं?"

"सगळी दिसली," मी म्हटलं. "अगदी मागच्या रांगेतलीसुद्धा."