बॅटरीला लावलेलं कुंकू

पोळ्याला आत्याकडे गेले होते, तेव्हा तिने फर्मान सोडलं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सिन्नरच्या पुढे, जीपने अर्ध्या तासावर तिचं गाव. पंचाहत्तरी केव्हाच ओलांडली आहे, आयुष्यभर गावातल्या बायकांची पोलकी शिवली, आणि अजूनही सुईत दोरा स्वतः ओवते. माझ्या पानात दुसरी पुरणपोळी टाकता टाकता ती म्हणाली, "तुझा तो मोठा कॅमेरा हाय ना, त्यानं माझा एक फोटू काढ. उभा. भिंतीला लावून हार घालता येईल असा."

मला ठसकाच लागला. "काहीतरी बोलू नकोस. काय झालंय तुला?"

"मला काय व्हतंय? पन दसरा झाला की डॉक्टर माझे समदे दात काढनार हाय. हिरड्या गेल्यात. मंग तोंडाचं बोळकं. त्या बोळक्याला हार घालून मला टांगू नका. दात हायेत तवर काढून ठिव."

आत्याला नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मी हो म्हणाले. आणि इंदिरानगरला घरी परत येऊन, फोटोची तयारी करायच्या ऐवजी, बॅटरी ग्रिप शोधायला बसले.

बॅटरी ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला लावायचं एक जाड हँडल. त्याच्या पोटात एकाऐवजी दोन बॅटऱ्या बसतात, आणि बाजूला फोटो काढायचं आणखी एक बटण असतं. कॅमेरा आडवा धरायला केलेला असतो. उभा फोटो काढायचा तर तो फिरवावा लागतो आणि त्याच्याबरोबर मनगटही पिळावं लागतं. ग्रिपवरच्या बटणामुळे मनगट सरळ राहतं. माझं उजवं मनगट तीन वर्षांपूर्वी स्कूटीवरून पडून मोडलं होतं आणि नीट जुळलं असलं तरी पिळलं की कळ येते. तेव्हा कारण अगदी खरं होतं. आत्याचा उभा फोटो हवा, उभ्या फोटोला ग्रिप हवी. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मी एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मला कुठलीही वस्तू नुसती विकत घेता येत नाही. मिक्सर घ्यायचा तरी त्याची मोटर किती फेरे मारते ते विचारते, आणि दुकानदार मान खाजवतात. एम. जी. रोडजवळच्या एका गल्लीत कॅमेऱ्याच्या सामानाचं छोटं दुकान आहे, तिथे मी महिन्याभरात पाच वेळा गेले. दुकानदार पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने दोन ग्रिप समोर ठेवल्या. एक कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीची, दुसरी कुठल्याशा न ऐकलेल्या कंपनीची. दिसायला सख्ख्या बहिणी.

"फरक काय?" मी विचारलं.

"ही ओरिजिनल आहे, मॅडम. ही नाही."

"ते कळलं. पण फरक काय?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग दोन्ही ग्रिपची झाकणं उघडून आतल्या पत्र्याच्या पट्ट्या दाखवल्या. एकीच्या पट्ट्या ताठ, दाबल्या की लगेच वर येणाऱ्या. दुसरीच्या जरा मऊ. रबरही दुसरीचं बोटाला चिकट लागत होतं. मी खिशातून भिंग काढलं, तेव्हा तो हसला. "मॅडम, बॅटरी ग्रिप घेताय की जावई बघताय?"

"जावयाला इतकं बघत नाहीत," मी म्हणाले, "म्हणून तर सगळा घोळ होतो."

ग्रिप अखेर ओरिजिनल घेतली. बॅटऱ्यांचं मात्र तसं झालं नाही, कारण तिथे मला खरा रस लागला. माझ्याकडची मूळ बॅटरी आठ वर्षं वापरून म्हातारी झाली होती. नव्या दोन घ्यायच्या, तर दुकानात चार तऱ्हा, आणि प्रत्येकीवर छापलेला आकडा आधीचीपेक्षा मोठा. आकार तोच, वजन जवळजवळ तेच. मग जास्तीची ताकद हे लोक कोंबतात तरी कुठे? हा प्रश्न मला झोपेतसुद्धा सोडेना. दोन तऱ्हांची एकेक बॅटरी आणून मी प्रयोगशाळेत छोट्या बल्बला जोडली आणि घड्याळ लावून बसले. मोठा आकडा छापलेली आधी विझली. मला इतका आनंद झाला की शेजारच्या रसायनशास्त्राच्या सरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे तुम्हाला फसवलं, आणि तुम्ही खूश?" आता यांना काय सांगायचं.

मग पुढचं कुतूहल. ग्रिपमध्ये दोन बॅटऱ्या असताना कॅमेरा आधी कुठली खातो? एक संपवून दुसरीकडे वळतो, की दोघींना सारखं पिळतो? मी बॅटऱ्यांवर पेनाने अ आणि ब लिहिलं, एक पूर्ण भरली, दुसरी अर्धी ठेवली, आणि गॅलरीतल्या तुळशीचे ढीगभर फोटो काढले. माझ्या ग्रिपमध्ये तरी असं दिसलं की भरलेली जास्त देते, अर्धी कमी देते, आणि हळूहळू दोघी एका पातळीला येतात. मला ते फार आवडलं. त्या दिवशी भाजी करपली, तेही चाललं.

या सगळ्यात गणपती आले आणि गेले. आत्याचा फोन दर रविवारी यायचा. "कधी येती?" मी सांगायचे, ग्रिप आलीय पण बॅटरीचं बघतेय. पुढच्या रविवारी, बॅटरी आलीय पण चार्जर बदलायचाय. ती एकदा म्हणाली, "बाई, मी दोन तासात ब्लाऊज शिवत व्हते. तुझा एक फोटू महिना झाला व्हईना." आता लिहून टाकते. मला तो फोटो काढायचाच नव्हता. हार घालायचा फोटो म्हणजे आत्या नसलेल्या घराचा फोटो, आणि तो मी माझ्या हाताने का काढायचा? ग्रिप, बॅटरी, पट्ट्या, आकडे, या सगळ्याला माझ्याकडे उत्तरं होती. याला नव्हतं.

पण दातांची तारीख ठरली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मग दसऱ्याला सकाळीच निघाले.

आत्याने अंगणात पाट मांडला होता. दसऱ्याला त्यांच्याकडे घरातलं प्रत्येक हत्यार पुजतात. विळे, कोयते, मोटारीचा पाना, आणि मधोमध आत्याची शिलाईची मोठी कात्री. धुऊन पुसून सगळं ओळीने ठेवलेलं. "तुझं हत्यार ठिव हितं," ती म्हणाली. मी कॅमेरा ग्रिपसकट पाटावर ठेवला. ती त्याच्यासमोर बसली आणि बोटाने न शिवता चहूबाजूंनी पाहू लागली. आमच्या घराण्यातलं कुतूहल कुठून आलंय ते तेव्हा मला दिसलं.

"ह्याचा जीव कुठं हाय?"

असा प्रश्न मला आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. मी खुलून गेले. ग्रिपचं झाकण उघडलं, आतला बॅटऱ्यांचा खण बाहेर ओढला, दोन्ही बॅटऱ्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. पिवळे चकचकीत ठिपके दाखवले. "इथून करंट बाहेर येतो. खणातल्या या पट्ट्यांना लागतो, तिथून कॅमेऱ्यात जातो. ही जागा सगळ्यात महत्त्वाची. इथे काही बिघडलं की सगळं बंद."

"हितंच?"

"बरोब्बर तिथेच."

तिने मान डोलावली. मी मागे परड्यात गेले, फोटोसाठी उजेड कुठे बरा आहे ते बघायला. गोठ्याच्या भिंतीजवळ सावली छान मऊ पडली होती. खुर्ची नेऊन ठेवली, मागची दोरीवरची गोधडी काढली. परत आले तेव्हा पूजा आटोपली होती. आत्याने बॅटऱ्या जागच्या जागी बसवून झाकणसुद्धा लावलं होतं, एकदा पाहून. कॅमेऱ्यावर झेंडूचं फूल होतं. मी कौतुकाने म्हटलं, "वा, आत्या!" आणि कॅमेऱ्याचं बटण लावलं.

कॅमेरा सुरू झाला नाही.

पुन्हा केलं. नाही. झाकण उघडलं, खण ओढला, आणि माझ्या तोंडून किंकाळीच फुटली. दोन्ही बॅटऱ्यांच्या प्रत्येक ठिपक्यावर ओल्या हळदीचं बोट, त्यावर कुंकू. खणातल्या प्रत्येक पट्टीवर तेच. पट्ट्यांच्या फटीत तांदळाचा एकेक दाणा. इतकी नेमकी पूजा मी आयुष्यात पाहिली नाही.

"कुणी सांगितलं होतं तुला आत कुंकू लावायला? अगं, महिनाभर एकेक पट्टी तपासून घेतलीय मी!"

मी अंगणभर आवाज केला. वाईट बोलले. तिचा हात तबकावर तसाच राहिला.

"तूच म्हनलीस, जीव तिथं हाय," ती म्हणाली. "वरनं लावून काय उपेग?"

मी रुमालाने पुसायला गेले तर हळद आणखी पसरली, कुंकू फटीत गेलं. उद्या सकाळी हिचे दात जाणार, आणि माझ्या पिशवीत महिनाभराचं संशोधन कुंकवाने माखून पडलेलं. रडू आलं मला. राग तिचा नव्हता, पण ते तिला कसं कळणार?

मग आठवलं. ती जुनी बॅटरी. कॉलेजमधल्या टाकाऊ बॅटऱ्यांच्या डब्यात टाकायची म्हणून पर्समध्ये ठेवलेली आणि रोज विसरलेली. ती पर्सच्या तळाशी होती, किल्ल्या आणि गोळ्यांच्या पाकिटांमध्ये. ग्रिप काढली. ग्रिप लावताना कॅमेऱ्याचं स्वतःचं छोटं झाकण काढावं लागतं, आणि ते हरवू नये म्हणून ग्रिपमध्येच त्याला एक खाच असते. तिथून ते काढून परत जागेवर बसवलं. जुनी बॅटरी आत घातली, बटण लावलं. पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण लुकलुकायला लागली. म्हणजे शेवटचे काही श्वास.

"आत्या, चल लवकर. खुर्चीवर बस. हलू नकोस."

ती बसली. हिरवं नऊवारी, डोक्यावर पदर, हात मांडीवर. चेहरा एकदम दगड. हाराच्या फोटोत माणसं अशीच बसतात हे तिला ठाऊक होतं. मी कॅमेरा उभा फिरवला, मनगट पिळलं, एक फोटो काढला. दुसरा. तोंड घट्ट मिटलेलं, एक दात दिसेल तर शपथ. "अगं, दातांसाठी काढतोय ना? तोंड उघड की!"

"मयतीच्या फोटूत कोन हसतं?"

तिसऱ्याला मनगटातून अशी कळ गेली की मी "आई गं!" म्हणून ओरडले. कॅमेरा सोडला नाही, बोट बटणावरच होतं. समोर आत्या खुर्चीतून अर्धी उठली, हात पुढे केला, "काय झालं गं, दाखव बघू" म्हणत. बटण दाबलं गेलं. आणि कॅमेरा बंद पडला. पुन्हा सुरू झालाच नाही. त्या बॅटरीत तेवढंच शिल्लक होतं.

तिने माझं मनगट दोन्ही हातांत घेऊन चोळलं, अगदी माझ्या लहानपणीसारखं. तिच्या अंगठ्याचं कुंकू माझ्या हाताला लागलं. मी म्हटलं, "मघाशी ओरडले, चुकलं माझं." ती म्हणाली, "गप बस, हात ढिला सोड."

दात गेल्यानंतर पंधरा दिवसांनी मी फोटो मोठा करून घेऊन गेले. मिटल्या तोंडाचे दोन होते, ते कुणाचेही वाटले असते. मी तिसराच आणला होता. पदर मागे सरकलेला, भुवया वर गेलेल्या, तोंड उघडं आणि झाडून सगळे दात दिसतायत, पुढे आलेल्या हाताचा अंगठा लाल. जरासा हललेलासुद्धा. तिने चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेला. तोंडाचं खरंच बोळकं झालं होतं. मी उगाच म्हणाले, "सगळे दात आलेत बघ. चालेल ना हाराला?"

"हाराला हा नगं," ती म्हणाली. शब्द सुटत होते, तरी मला नीट कळलं. "हार घालून भिंतीला बसवलेलं मानूस जागचं हलत नाय. हितं तर मी तुझ्याकडं याया निघालीय. हा तुझ्या घरी लाव."

मी फोटोभोवती परत कागद गुंडाळला.

"हाराचा दुसरा काढू," तिने फोटो माझ्या पिशवीत सरकवला. "कवळी बसली म्हंजे. तवर तुझी ती दोन बॅटऱ्यांची पेटी व्हईल का नीट?"

ग्रिप दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी साफ झाली होती. स्पिरिट, कापूस, आणि तांदळाचे दाणे काढायला चिमटा, वीस मिनिटांचं काम. ती, आणि तिच्या पोटात अ आणि ब दोन्ही बॅटऱ्या भरून, माझ्या पिशवीत त्या फोटोच्या शेजारीच होत्या.

"नाही गं आत्या," मी म्हणाले, "ती दुरुस्तीला दिलीय. ते म्हणतात, बराच वेळ लागेल."