स्नेहलचा उजवा डोळा

"हिला दिसत न्हाय व्हय?" पाहुण्यांतल्या एका बाईनं विचारलं.

"ती व्हय? ती कामाला हाय आमच्याकडं," मामी म्हणाली. "नवीन हाय. घर म्हाईत न्हाय अजून."

मी तेव्हा फरशीवर बसून फुटलेल्या कपांचे तुकडे चाचपत होते. अकलूजला, माझ्या सख्ख्या मामाच्या घरात. मामेबहिणीला, स्नेहलला, बघायला मंडळी आली होती. मी आदल्या दिवशीच सोलापूरहून येऊन अख्खं घर पुसलं होतं, कारण मी घरची होते. मामानं ते वाक्य ऐकलं आणि पाहुण्यांना उसाचं विचारायला सुरुवात केली. माझं बोट कापलं होतं. मी उठून आत गेले.

आमच्या घराण्यात मुली दुपारीच दाखवतात. का ते बाहेर कुणी सांगत नाही. मी सांगते. आमच्यातल्या काहींना दिवस कलला की दिसत नाही. लोक त्याला रातांधळेपणा म्हणून सोडून देतात. पण ती नुसती सुरुवात असते. डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू मरत जातो. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं जातं, शेवटी समोरचं थोडं उरतं, तेही किती दिवस ते कुणी सांगू शकत नाही. मामाची मुलगी आधी भाच्याला विचारायची, त्यानं नको म्हटलं तरच बाहेर द्यायची, अशी आमची रीत. माझ्या वडिलांनी मामाची मुलगी केली. माझ्या मामानंही तेच केलं. जमीन घरात राहिली, सोनं घरात राहिलं, आणि हे दुखणंही घरातच राहिलं.

त्या दिवशी पाहुण्यांची गाडी वाटेत बिघडली आणि ते दिवेलागणीला आले. स्नेहलला आधीच ट्यूबलाइटखाली खुर्चीवर बसवून ठेवलं, म्हणजे तिला चालायला नको. चहाचा ट्रे माझ्या हातात दिला. बोळात अंधार होता. कुणाची तरी बॅग मध्ये पडली होती.

स्नेहललाही माझ्याइतकंच दिसत नव्हतं. ती मालकीण ठरली आणि मी मोलकरीण.

स्नेहलचा मला हेवा होताच. लहानपणापासून होता. तिला शाळेत सोडायला आणि आणायला गाडी. संध्याकाळी अंगणात मोठा दिवा. अडखळली की धरायला माणूस. मी टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायचे आणि दिवस मावळायच्या आत घर गाठायचं म्हणून सुपरवायझरच्या शिव्या खायचे. हिवाळ्यात तर सात रस्ता चौकाच्या गर्दीत रिक्षेचे दिवे तेवढे दिसायचे, रिक्षा नाही. आई कोपऱ्यावर येऊन उभी राहायची आणि हाका मारायची. मी आवाजाच्या दिशेनं चालायचे.

पुढे एक दिवस मामी आमच्या खोलीवर आली. आजवर कधी आली नव्हती. साडी, नारळ, खण. माझी ओटी भरली, आईला जवळ बसवून घेतलं.

"तुझ्याबिगर न्हाय व्हायचं पोरी," मला म्हणाली. "आपल्या रक्ताची हाईस की तू."

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्नेहलला तपासलं होतं. आता नवीन संशोधन झालंय म्हणे. रक्तातली जी एक सूचना चुकीची आहे ती शोधून काढायची, आणि तिची बरोबर प्रत सुईनं डोळ्याच्या पडद्याखाली सोडायची. अजून चाचणीच चालू आहे, मोजक्याच लोकांवर, आणि सगळ्यांना चालत नाही. नेमका दोष कुठला ते सापडावं लागतं, आणि पडद्यात जीव शिल्लक असावा लागतो. दोष पक्का करायला घरातलंच, तेच दुखणं असलेलं दुसरं माणूस हवं होतं. बाकीच्या घरांनी मुली लपवल्या. मी तर कामवाली. मला कोण लपवणार.

मी गेले. आनंदानं गेले, हेही सांगते. गाडीत स्नेहलच्या शेजारी बसून मनात हिशेब चालला होता की दोघींना एकच दोष, म्हणजे औषधही दोघींना. रक्त दिलं. घरी आल्यावर आईला म्हटलं, आता तुला कोपऱ्यावर यावं लागणार नाही. तिनं त्या दिवशी गोड केलं होतं.

मग सगळं थंड. मी फोन केला की मामी म्हणायची, अजून काही कळलं न्हाय. उन्हाळा गेला. एका संध्याकाळी स्नेहलचाच फोन आला.

"आक्का, अंगणातली मांजर दिसली गं. दिवा न लावता."

तिच्या उजव्या डोळ्यात औषध सोडून बरेच दिवस झाले होते. मी बरं झालं म्हणाले आणि फोन ठेवला. त्या मांजरीचं वाटोळं होवो असं वाटलं. स्नेहलचा तो डोळा परत विझावा असंही मनात आलं. आलं ते आलं. माझ्या रक्तावरून तिचा दोष सापडला होता आणि मी भाजी निवडताना आईला विचारत होते, ही मेथी आहे का गवत.

मामीला विचारलं, माझं काय. ती म्हणाली, "जागा एकच होती बाई. आन तुला कुटं जायचं असतंय अंधारात?"

त्यानंतर ती पुन्हा आली. पुन्हा साडी. डॉक्टरीणबाई सोलापुरात तपासणीला येणार होत्या आणि त्यांना माझे डोळे बघायचे होते. औषध दिलेल्या डोळ्याशेजारी, त्याच दोषाचा, औषध न दिलेला डोळा ठेवून ताडून बघायचं होतं. शेतात खताचा गुण बघायला एक पट्टा तसाच सोडतात. तो पट्टा मी.

तरी गेले. स्वतः विचारायचं म्हणून गेले.

खोलीत डॉक्टरीणबाई, दोन शिकाऊ मुली, मामी आणि स्नेहल. आई बाहेर बाकावर. माझं नाव विचारलं तर मामीच बोलली, "पेशंटची आतेबहीण लिवा." यंत्रासमोर बसवलं. हनुवटी ठेवायला सांगितलं. मी ठेवली नाही. दोन्ही तळवे डोळ्यांवर धरून बसले.

"काय झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी पण पेशंट हाय," मी म्हणाले. "मला का न्हाय घेतलं ते आधी सांगा. मग बघा."

मग बाई म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणालात ना? लग्न ठरतंय, आता डोळ्याला हात लावायचा नाही, असं घरच्यांनी कळवलं होतं."

माझं लग्न. कुठलं लग्न?

मी मामीकडे तोंड केलं. ती पदर सारखा करत असावी, बांगड्या वाजत होत्या. "दोघींची नावं लागली असती तर घराण्याचा बभ्रा झाला असता," ती हळूच म्हणाली. "एकीचं गुपचूप होऊन गेलं. स्नेहलचं लग्न व्हायचंय अजून."

स्नेहल रडायला लागली. तिला माहीत नव्हतं म्हणे. नसेलही. तिला माहीत करून घ्यायची गरज कधी पडलीच नव्हती. मी तिची समजूत घातली नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी तुम्हालाच विचारायला हवं होतं. मी म्हणाले, व्हय, विचारायला पायजे होतं. मग मामीला बाहेर जायला सांगितलं आणि हनुवटी ठेवली.

बाईंनी जे सांगितलं ते गोड नव्हतं. डाव्या डोळ्यात फारसं उरलेलं नाही. उजव्यात थोडा जीव आहे, पण पुरेल की नाही ते आणखी तपासण्या केल्याशिवाय सांगता येत नाही. पुढची चाचणी कधी, तेही नक्की नाही. स्नेहलच्या वेळी घेतलं असतं तर, असं मी विचारलं. तेव्हा जास्त होतं, बाई म्हणाल्या.

ते जास्तीचं माझं होतं. ते गेलं, आणि ते घालवणारे माझे सख्खे होते.

मामीनं रिक्षा थांबवली होती. मी तिच्यात बसले नाही. पिशवीतून आणलेली ती साडी मामीच्या मांडीवर ठेवली आणि आईचा हात धरून निघाले. हेवा गेलेला नाही. स्नेहलच्या उजव्या डोळ्याचा आजही आहे, आणि तो जावा म्हणून मी कुठल्या देवाला जाणार नाही. त्याच हेव्यानं मला त्या खुर्चीत बोलतं केलं.

आता दर तपासणीला मी एसटीनं पुण्याला जाते, सकाळच्या उजेडात. केसपेपरवर माझं नाव आहे, कुणाची बहीण नाही. रक्त मागतील तेव्हा देईन, डोळे दाखवीन. चाचणीत घेतलं तर त्या खुर्चीत बसेन. नाही घेतलं तर का नाही ते मला सांगायचं. माझ्या तोंडावर सांगायचं. मध्ये कुणी बसायचं नाही.